कापूर: ओळखून घ्या, मोजून वापरा

मराठी घरात कापूर तीन ठिकाणी हमखास सापडतो. देवघरात आरतीसाठी, कपाटात लुगड्या-शालूंच्या घडीत आणि औषधांच्या डब्यात, कधी बामच्या रूपाने तर कधी खोबरेल तेलात विरघळवलेला. शिवाय सर्दी झाली की हुंगायला, डास आले की जाळायला, उवा झाल्या की डोक्याला चोळायला म्हणून तो हाताशी लागतोच. इतक्या कामांना येणाऱ्या या पदार्थाबद्दल घरात माहिती मात्र फार थोडी असते. त्याच्या अंगी नसलेले गुण त्याला चिकटवले जातात आणि त्याचा खरा धोका नजरेआड होतो. म्हणून कापूर काय आहे, तो नेमके काय करतो, कसा पारखून घ्यायचा, किती वापरायचा आणि कुणापासून दूर ठेवायचा, हे एकदा नीट समजून घेऊ.

कापराचे गुणधर्म

कापूर मूळचा झाडाचा. दालचिनीच्या कुळातला एक मोठा सदाहरित वृक्ष चीनचा दक्षिण भाग, तैवान, दक्षिण जपान या पट्ट्यात वाढतो. त्याचे पान बोटांत चुरगाळले तरी कापराचा वास येतो. त्याच्या लाकडाच्या ढलप्यांमधून वाफ सोडली की वाफेबरोबर सुगंधी तेल आणि कापूर बाहेर पडतो, आणि वाफ थंड झाली की पांढरे स्फटिक हाती लागतात. आपल्याकडे बागांत लावली जाणारी कापूर तुळस मूळची आफ्रिकेतली. तिच्या तेलातही कापूर मोठ्या प्रमाणात असतो.

रसायनशास्त्राच्या भाषेत कापूर हे टर्पिन वर्गातले एक कीटोन. त्याच्या एका रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १६ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. घरच्या वापरासाठी त्याचे चार गुणधर्म लक्षात ठेवले तरी पुढच्या बहुतेक सूचनांमागचे कारण आपोआप कळेल.

पहिला गुणधर्म: तो उडतो. कापूर सुमारे १७५ ते १८० अंश सेल्सिअसला वितळतो, पण त्याला वितळण्याची गरजच पडत नाही. साध्या खोलीच्या तापमानालाच तो घन अवस्थेतून थेट वायूत जातो. या क्रियेला संप्लवन म्हणतात. त्यामुळे उघड्या बशीतली वडी काही दिवसांत झिजत जाते आणि तिची वाफ खोलीभर पसरते.

दुसरा: तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. एक लिटर पाण्यात फार तर सव्वा ग्रॅम. तेल, तूप, स्पिरिट यांत मात्र झटकन विरघळतो. त्वचेच्या वरच्या थरात आणि शरीरातल्या चरबीतही तो याच कारणाने सहज शिरतो.

तिसरा: तो भर्रकन पेट घेतो. नुसती वडीच पेटते असे नव्हे, त्याची वाफही पेटते.

चौथा: तो काही प्लास्टिकना मऊ करतो. या गुणाने एके काळी जगाचा व्यापार हलवला होता. अमेरिकेत जॉन वेस्ली हायेट यांनी १८७० साली नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांच्यापासून सेल्युलॉइड बनवण्याचे पेटंट घेतले. कंगवे, बटणे, खेळणी आणि पुढे सिनेमाच्या फिती या पदार्थापासून होऊ लागल्या. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, त्या काळच्या फितींच्या घडणीत कापूर असे. कापराची मागणी इतकी वाढली की तैवान ताब्यात असलेल्या जपानने १८९९ मध्ये तिथल्या कापरावर सरकारी मक्ता बसवला.

झाडाचा, भीमसेनी आणि कारखान्यातला

महागड्या झाडाच्या कापराला पर्याय शोधण्याचा जोर याच काळात वाढला. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ गुस्ताफ कोम्पा यांनी १९०३ मध्ये प्रयोगशाळेत कापूर तयार केला आणि १९०७ मध्ये फिनलंडमध्येच त्याचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले. आज आपण किराणा दुकानातून किंवा पूजा भांडारातून आणतो तो कापूर बहुतेक सगळा कारखान्यातला असतो. चीडसारख्या झाडांच्या राळेपासून टर्पेंटाइन काढतात, त्यातले पाइनीन वेगळे करतात आणि त्यावर टप्प्याटप्प्याने प्रक्रिया करून कापूर बनवतात. रायगड जिल्ह्यात खोपोलीच्या परिसरातही असा कापूर तयार होतो.

कारखान्यातला म्हणजे नकली, असे समजण्याचे कारण नाही. दोन्हींतला पदार्थ एकच. फरक एवढाच की एखाद्या वस्तूचे आरशातले प्रतिबिंब असावे तसे कापराच्या रेणूचे दोन प्रकार असतात. कापूरवृक्षात त्यातला एकच प्रकार तयार होतो, कारखान्यात दोन्ही जवळजवळ समसमान तयार होतात. हा फरक प्रयोगशाळेतल्या उपकरणावर दिसतो. नाकाला, डोळ्यांना किंवा ज्योतीला कळत नाही. तेव्हा “जाळून बघा, आमचा नैसर्गिक आहे” असे कुणी म्हणाले तर त्या परीक्षेला अर्थ नाही.

भीमसेनी कापराची गोष्ट वेगळी आहे आणि ती ग्राहकाने जाणून घेण्यासारखी आहे. परंपरेने भीमसेनी किंवा बरास म्हटला जाणारा कापूर सुमात्रा आणि बोर्निओच्या जंगलातल्या एका उंच वृक्षाच्या खोडात सापडतो. सुमात्राच्या किनाऱ्यावरील बारुस बंदरातून तो जगभर जात असे. तो रासायनिक दृष्ट्या कापूर नसून बोर्निऑल नावाचा जवळचा भाऊबंद आहे. ‘भावप्रकाश निघंटू’त कापराचे पक्व आणि अपक्व असे दोन प्रकार सांगून अपक्व श्रेष्ठ मानला आहे. आता त्या झाडांची संख्या फार घटली आहे आणि त्यातला खरा कापूर अतिशय दुर्मीळ आहे. त्यामुळे दुकानात बरणीत भरलेले, ओबडधोबड खड्यांचे ‘भीमसेनी’ त्या वृक्षाचे असण्याची शक्यता फार कमी. बहुतेक वेळा तो नेहमीचाच कापूर पुन्हा संप्लवन करून खड्यांच्या रूपात आणलेला असतो. मेण किंवा भर नसेल तर तो चांगला कापूर असतो, यात शंका नाही. पण दुर्मीळ वनस्पतीची किंमत मागितली जात असेल तर ती देऊ नका.

घरी एक साधी खूण पाहता येते. बोर्निऑल पाण्यापेक्षा किंचित जड असतो आणि कापूर किंचित हलका. खडा पाण्यात पूर्ण बुडवून सोडा. तो वर येऊन तरंगू लागला तर तो साधा कापूर आहे.

विकत घेताना पारख

कापूर घेताना सर्वात मोठी चूक होते ती डांबर गोळीच्या बाबतीत. पांढरी, गोल, उग्र वासाची, कपाटात ठेवायची म्हणून दोन्ही एकच समजल्या जातात. डांबर गोळी नॅफ्थालीनची किंवा पॅराडायक्लोरोबेंझीनची असते. ती कधीही जाळू नये, हुंगू नये आणि अंगाला लावण्याच्या तेलात तर घालूच नये. काही माणसांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे विकर जन्मतः कमी असते. अशांच्या शरीरात नॅफ्थालीन गेले तर लाल रक्तपेशी फुटतात. नवजात बाळांना यातून तीव्र कावीळ होऊ शकते. नॅफ्थालीनमध्ये ठेवलेली दुपटी, लंगोट आणि लोकरी टोपडी न धुता बाळाला घातल्यानेही हे घडते.

ओळख पटवण्यासाठी या परीक्षा करा:

१. स्वच्छ धुतलेल्या काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि छोटा तुकडा टाका. कापूर तरंगतो. बारीक तुकडा असेल आणि पाण्यावर तेलकटपणा नसेल तर तो पृष्ठभागावर गरगर फिरतोही. नॅफ्थालीन आणि पॅराडायक्लोरोबेंझीन दोन्ही पाण्यात बुडतात.

२. एक लहान तुकडा काचेच्या बशीत, मुलांच्या हाती लागणार नाही अशा हवेशीर जागी उघडा ठेवा. शुद्ध कापूर पूर्ण उडून जातो. मेण किंवा भर घातली असेल तर तेवढा भाग बशीत राहतो.

३. स्टीलच्या जुन्या चमच्यात, उघड्यावर, अगदी छोटा तुकडा जाळा. शुद्ध कापूर जळल्यावर मागे राख उरत नाही. चिकट किंवा मेणचट थर राहिला तर माल भेसळीचा आहे. ज्योतीतून काजळी निघते, ती मात्र शुद्ध कापराचीही निघते. बिनधुराचा कापूर ही जाहिरातीची भाषा आहे.

चव घेऊन कापूर पारखण्याची पद्धत काही जण सांगतात. ती कधीही वापरू नका.

पाकिटावर काय लिहिले आहे तेही वाचा. पूजेचा कापूर फक्त जाळण्यासाठी असतो. अंगाला लावायचे तेल करायचे असेल तर औषधाच्या दुकानातून औषधी दर्जाचा कापूर घ्या, कारण त्याची शुद्धता इंडियन फार्माकोपियाच्या निकषाने ठरलेली असते.

त्वचेवर आणि नाकात तो काय करतो

बाम लावल्यावर आधी गार वाटते, मग ऊब जाणवते आणि दुखणे थोडे मागे पडते. हे खरेच घडते आणि त्याचे कारणही आता ठाऊक आहे. त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर थंडी आणि उष्णता ओळखणारे ग्राहक असतात. कापराचा रेणू त्यांना चेतवतो. काही वेळाने त्यातले काही ग्राहक थकतात आणि दुखण्याचा किंवा खाजेचा निरोप कमी तीव्रतेने वर जातो. कंबर भरून आली, पोटऱ्या दुखल्या, डास चावून खाज सुटली, अशा वेळी कापूर खरा दिलासा देतो. मूळ दुखापत मात्र तो बरी करत नाही. सांध्याला सूज आली असेल, दुखणे आठवडाभर टिकले असेल, तर चोळत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवा.

नाक चोंदल्यावर कापूर हुंगला की मोकळे वाटते. ही जाणीवही खरी, पण नाकातली सूज त्याने उतरत नाही. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कापूर, निलगिरी आणि मेंथॉल यांच्या वाफांचा नाकातल्या हवेच्या वाटेतल्या अडथळ्यावर होणारा परिणाम मोजला गेला. अडथळा तेवढाच राहिला. बहुतेकांना मात्र श्वास मोकळा झाल्यासारखा वाटला. अमेरिकेत २०१० साली दोन ते अकरा वर्षांच्या १३८ सर्दी झालेल्या मुलांवर एका रात्रीचा अभ्यास झाला. छातीवर कापूर-मेंथॉलचे मलम लावलेल्या मुलांना झोप बरी लागल्याचे पालकांनी सांगितले, आणि त्यातल्या काहींना त्वचेची जळजळ झाल्याचेही दिसले. थोडक्यात, सर्दीत कापूर आराम देऊ शकतो. तो सर्दी घालवत नाही.

या फरकाचे मोल २०२१ च्या एप्रिलमध्ये कळले. कोरोनाची दुसरी लाट शिगेला असताना कापूर, लवंग आणि ओव्याची पुरचुंडी हुंगल्याने रक्तातला ऑक्सिजन वाढतो, असा संदेश मोबाइलवरून घरोघरी पोहोचला. त्याला कोणताही आधार नव्हता. श्वास मोकळा वाटणे आणि ऑक्सिजन वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दम लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर पुरचुंडी बाजूला ठेवून रुग्णालय गाठायचे असते.

घरी कापराचे तेल करायचे असेल तर

अनेक घरांत खोबरेल तेलाच्या बाटलीत अंदाजाने वड्या टाकल्या जातात. शंभर मिलिलिटर तेलात एकेक ग्रॅमच्या दहा वड्या टाकल्या की ते तेल दहा टक्क्यांचे झाले. अमेरिकेत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या लेपांसाठी कापराची कमाल मर्यादा अकरा टक्के आहे आणि वीस टक्क्यांच्या कापूरतेलावर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच तिथे बंदी आली. घरच्या वापरासाठी तीन टक्के पुरेसे आहे. कृती अशी:

शंभर मिलिलिटर खोबरेल किंवा तिळाचे तेल काचेच्या बाटलीत घ्या. ३ ग्रॅम औषधी दर्जाचा कापूर वजनकाट्यावर मोजून, बारीक करून त्यात टाका. थंडीत खोबरेल थिजले असेल तर बाटली आधी कोमट पाण्यात ठेवून तेल पातळ करून घ्या. बूच घट्ट लावून हलवा. थोड्या वेळात कापूर विरघळतो. तेल गॅसवर ठेवून त्यात कापूर कधीही टाकू नका, कारण उठणारी वाफ ज्योतीपर्यंत पोहोचली तर भडका होतो. बाटलीवर चिठ्ठी लावा: कापूरतेल, तारीख, पोटात घेऊ नये.

पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दिवसभर वाट पाहा. लालसरपणा किंवा आग झाली नाही तरच पुढे वापरा. दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त लावू नका. लावल्यावर त्या जागी पट्टी गुंडाळू नका आणि गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नका, कारण उष्णतेने आणि झाकल्याने कापूर त्वचेतून जास्त आत जातो. चिरलेल्या, खरचटलेल्या, भाजलेल्या त्वचेवर, डोळ्यांजवळ आणि नाकपुडीच्या आत तो लावायचा नाही. लावून झाल्यावर हात साबणाने धुवा.

उवांसाठी मुलींच्या डोक्याला कापूरतेल थापून रात्रभर फडके बांधण्याची पद्धत थांबवायला हवी. खाजवून टाळूवर ओरखडे पडलेले असतात, त्यावर जास्त प्रमाणाचे तेल आणि वर बांधलेले फडके, म्हणजे कापूर अंगात शिरायला मोकळी वाट. बारीक दातांची फणी रोज नेटाने फिरवणे आणि डॉक्टरांनी दिलेले परमेथ्रिनचे औषध लावणे हा सुरक्षित उपाय आहे.

कपाट, डास आणि देवघर

लोकरी आणि रेशमी कपड्यांना कसर लागू नये म्हणून कापूर उपयोगी पडतो, पण त्यासाठी बंद जागा लागते. घट्ट झाकणाच्या पेटीत किंवा बॅगेत वाफ साठून राहते आणि किडे दूर राहतात. सारखे उघडणाऱ्या कपाटात त्याचा प्रभाव टिकत नाही. कपडे आधी धुवून किंवा ड्रायक्लीन करून कडक उन्हात वाळवा, कारण घाम आणि अन्नाचे डाग किड्यांना बोलावतात. कापूर मलमलीच्या पुरचुंडीत बांधून ठेवा, कपड्याला थेट लागू देऊ नका. जरीच्या, खड्यांच्या आणि प्लास्टिकच्या टिकल्या-बटणांच्या कपड्यांपासून तो दूरच बरा. त्याच पेटीत डांबर गोळ्या ठेवू नका. पेटी उघडल्यावर कपडे दिवसभर हवेशीर ठेवा आणि मगच नेसा. बाळाच्या कपड्यांत कापूरही नको आणि डांबर गोळीही नको. धुतलेले, उन्हात वाळलेले कपडे सुती पिशवीत पुरेसे सुरक्षित राहतात.

डासांच्या बाबतीत कापरावर विसंबून राहणे महागात पडते. वाफ दाट असते तोवर डास थोडे दूर राहतात, पण खिडकी उघडली की प्रभाव ओसरतो. पाण्याच्या वाटीत कापूर ठेवल्याने वेगळे काही साधत नाही, कारण तो पाण्यात विरघळतच नाही. डेंग्यू आणि हिवतापाच्या हंगामात मच्छरदाणी, खिडक्यांना जाळ्या, आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवणे आणि डीईईटी किंवा पिकारिडिन असलेले मलम हेच खरे संरक्षण.

आरतीचा कापूर जाळताना मन प्रसन्न होते, देवघर दरवळते. ही जागा त्याची आहे आणि राहावी. फक्त कापूर जाळल्याने हवा शुद्ध होते, जंतू मरतात, या समजुतीने दारे-खिडक्या लावून खोलीत धूर करू नका. ज्योतीतून निघणारी काजळी फुप्फुसांत जाते आणि दम्याच्या रुग्णाला तिचा त्रास होतो. आरतीच्या वेळी खिडकी उघडी ठेवा, एक छोटी वडी पुरते. धातूचे आरतीपात्र किंवा जाड तळाची कापूरदाणी वापरा, पदर आणि ओढणी आवरून घ्या, आणि डबी ज्योतीजवळ उघडी ठेवू नका. विजेच्या कापूरदाणीत वडी टाकून ती रात्रभर झोपण्याच्या खोलीत चालू ठेवणे टाळा. लहान बाळ असलेल्या खोलीत तर ती लावूच नका.

खाण्यातला कापूर

आपल्या त्रयोदशगुणी विड्यात कापूर असतो. दक्षिणेत पच्चकर्पूरम या नावाचा खाण्याचा कापूर गोड पदार्थांत घालतात, आणि तिरुपतीच्या लाडूच्या चवीतही त्याचा वाटा आहे. हा कापूर वेगळ्या शुद्धतेचा असतो. अन्नपदार्थ म्हणून विकलेल्या, एफएसएसएआयचा परवाना क्रमांक छापलेल्या पाकिटातलाच घ्या. पूजेची वडी कोणत्याही कारणाने स्वयंपाकात घालू नका.

प्रमाणाचा हिशेबही मनात असू द्या. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००८ मध्ये एका दिवसात शरीराच्या दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली. साठ किलोच्या माणसाला ती १२० मिलिग्रॅम होते. पंधरा किलोच्या मुलाला फक्त ३०. तांदळाच्या दाण्याएवढ्या तुकड्यात साधारण १५ ते २० मिलिग्रॅम कापूर असतो. म्हणजे संपूर्ण पदार्थासाठी असा एखादा दाणाच पुरे. तो गॅस बंद केल्यावर साखरेबरोबर खलून घाला, म्हणजे एकसारखा पसरेल आणि एकाच लाडवात सगळा जाणार नाही. लहान मुलांच्या पदार्थात तो नसलेलाच चांगला.

लहान मुले आणि कापूर

या लेखातला हा भाग सर्वात महत्त्वाचा आहे. कापूर पोटात गेला तर तो मेंदूवर परिणाम करतो आणि झटके आणतो. हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. बुडापेस्टमधील डॉक्टर लाडिस्लास मेदुना यांनी १९३४ मध्ये मनोरुग्णांत मुद्दाम झटके आणण्यासाठी तेलात विरघळवलेला कापूर टोचला होता. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कापरामुळे झटके आलेल्या मुलांची नोंद २००९ मध्ये बालरोगविषयक नियतकालिकात आली. त्यांच्या घरांत कापूर झुरळांसाठी, अंगाला चोळण्यासाठी असाच ठेवलेला होता.

आकडे नीट पाहा. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कापूर पोटात गेला तर त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे, असे विषबाधेच्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे. दहा किलोच्या मुलासाठी हा आकडा ३०० मिलिग्रॅम. एक ग्रॅमची वडी म्हणजे त्याच्या तिपटीहून अधिक. लहान मुलांत एक ग्रॅमच्या आसपासचा कापूरही जिवावर बेतल्याच्या नोंदी आहेत. वडी पांढरी, चौकोनी, खडीसाखरेसारखी दिसते. देवासमोरची खडीसाखर तोंडात टाकायची सवय असलेल्या मुलाला हा फरक कसा कळणार?

कापूर खाल्ल्याचा संशय आला तर हे करा:

१. मूल चांगले दिसत असले तरी थांबू नका, लगेच निघा. लक्षणे पाच मिनिटांपासून दीड तासापर्यंत कधीही सुरू होऊ शकतात आणि पहिले लक्षण थेट झटका असू शकते.

२. उलटी करवू नका. मिठाचे पाणी, बोटे घालणे, काहीही नको. उलटी होताना झटका आला तर ती श्वासनलिकेत जाते.

३. दूध, तूप, तेल पाजू नका. स्निग्ध पदार्थात कापूर विरघळतो आणि अंगात लवकर मुरतो.

४. झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, आसपासच्या टणक वस्तू दूर करा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नका.

५. रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. पाकीट किंवा उरलेली वडी बरोबर न्या. डॉक्टरांना तो कापूर होता की डांबर गोळी हे कळणे गरजेचे असते. कापरावर उतारा नाही, उपचार झटके थांबवणे आणि श्वास सांभाळणे हाच असतो. त्यामुळे वेळेला फार किंमत आहे.

दोन वर्षांखालच्या मुलाला कापूर असलेले कोणतेही मलम किंवा तेल लावू नका. सर्दी झालेल्या तान्ह्या बाळाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधणे, उशाशी वडी ठेवणे, नाकाखाली बाम लावणे, हे सगळे प्रेमाने केले जाते, पण उग्र वाफेने बाळाचा श्वास अडखळू शकतो आणि झोपेत पुरचुंडी तोंडात जाऊ शकते. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब आणि अंगावरचे किंवा नेहमीचे दूध, एवढे बहुतेक बाळांना पुरते. श्वास जोरात चालला असेल, दूध ओढत नसेल, तर लगेच डॉक्टरकडे न्या.

मोठ्यांमध्येही काहींनी कापूर टाळावा. फिट्सचा आजार असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी, कारण तो वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो, आणि स्तनपान करणाऱ्या आयांनी छातीवर. यकृताचा आजार किंवा जी-सिक्स-पीडीची कमतरता असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो वापरू नये. दमेकऱ्यांनी धूर आणि दाट वाफ दोन्हींपासून दूर राहावे.

डबी कुठे आणि कशी ठेवावी

कापराच्या डबीत मिरे किंवा लवंगा टाकण्याची पद्धत अनेक घरांत आहे. पण झाकण सैल असेल तर मिरे टाकूनही कापूर उडतोच. त्याला टिकवते ते घट्ट झाकण. काचेची किंवा स्टीलची, फिरकीच्या झाकणाची डबी घ्या. पातळ प्लास्टिक किंवा थर्माकोल नको. डबी गॅस, निरांजन, समई आणि उन्हापासून दूर ठेवा. एका वेळी महिनाभर पुरेल इतकाच कापूर आणा.

जागेचा प्रश्न सर्वात आधी सोडवा. देवघर बहुतेक घरांत जमिनीलगत किंवा बुटक्या चौरंगावर असते आणि पूजेचे सामान रांगत्या मुलाच्या हाताच्या टप्प्यात येते. आरतीपुरती एक वडी काढा आणि डबी परत वरच्या फडताळात, औषधांच्या शेजारी ठेवा. पाहुणे किंवा आजोळी आलेली नातवंडे असताना तर हे विसरूच नका.

आज हा लेख वाचून झाल्यावर घरातला कापूर कुठे कुठे आहे ते शोधा: देवघर, कपाट, उशाखालची पुरचुंडी, न्हाणीघरातली तेलाची बाटली. बिनचिठ्ठीची बाटली असेल तर तिच्यावर चिठ्ठी लावा, प्रमाण माहीत नसेल तर ते तेल टाकून द्या आणि उरलेला कापूर मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी हलवा. घरात लहान मूल असलेल्या शेजाऱ्यालाही एवढे जरूर सांगा.